मांडावर उभी राहिलेली तुळई

माझ्या वडिलांचं गावच्या तिठ्यावर खिळ्यांचं दुकान होतं. तिथे कौलं, कोयते, चुना, दोरखंड, कंदिलाच्या काचा असं बरंच काही मिळायचं, पण लोक म्हणायचे खिळ्यांचं दुकान. आणि जन्मभर खिळे विकणाऱ्या ह्या माणसाचा खिळ्यांवर काडीइतका विश्वास नव्हता. गिऱ्हाईक विचारायचं, "हे टिकतले मां?" बाबा पुडी बांधता बांधता सांगायचे, "खिळो म्हणजे तात्पुरतां काम. खरां काम जाय जाल्यार लाकूड लाकडात बसवक व्हयां." गिऱ्हाईक बुचकळ्यात पडायचं, तरी खिळे घेऊन जायचं. जवळपास दुसरं दुकान नव्हतं.

अशा माणसाची मी मुलगी. मुंबईत शिकून वास्तुविशारद झाले, पणजीत एका कचेरीत लागले, आणि पहिलंच स्वतंत्र काम मिळालं ते खिळ्यांवर उभ्या राहणाऱ्या इमारतीचं. पेडण्यात घरी येऊन हे सांगितलं तेव्हा बाबांनी ताटावरून मानसुद्धा वर केली नाही. "आनी त्या घरात कोण रवतले?" एवढंच विचारलं. मी म्हटलं, पुस्तकं.

"मग बरां," बाबा म्हणाले, "मोडलां तरी माणसां मरची नाय."

गोवा राज्य झाल्याला तेव्हा वर्षही झालं नव्हतं. विद्यापीठ नवीन, पण त्याच्याकडे पुस्तकांचा ओघ असा की विचारू नका. बंद पडलेली गावोगावची वाचनालयं, वारलेल्या वकिलांच्या घरची जाडजूड पोर्तुगीज कायद्याची पुस्तकं, जुन्या वर्तमानपत्रांचे बांधलेले गठ्ठे, जो तो आणून देत होता. वाचनकक्ष भरला तेव्हा उरलेली पुस्तकं डिचोलीत एका भाड्याच्या गोदामात ठेवली. ते गोदाम नेमकं खनिजाच्या ट्रकांच्या रस्त्यावर. दिवसभर ट्रक धावायचे आणि तांबडी धूळ फटीफटीतून आत शिरायची. ग्रंथपाल पांढराशुभ्र सदरा घालून डिचोलीला जायचे आणि परत यायचे ते चिऱ्यासारखे लाल होऊन. त्या पुस्तकांविषयी ते अशा आवाजात बोलायचे की नव्या माणसाला वाटावं, ह्यांचं घरचं कोणीतरी इस्पितळात आहे.

म्हणून पुस्तकांसाठी कोठार बांधायचं ठरलं. वाचायला नव्हे, नुसतं ठेवायला. ना टेबलं, ना बसायला कदेलं, ना उजेडाला मोठी जनेलं. फक्त कोरडी हवा आणि जमिनीपासून छपरापर्यंत फळ्या. जमीन आमच्याच गावात फुकट मिळाली, ओहोळापलीकडची, आणि मी त्या गावची म्हणून काम माझ्या गळ्यात आलं. लाकूडही आयतं होतं. एका धरणाच्या बुडिताखाली जाणारं रान तोडलं होतं, त्यातली किंदळ आणि माट्टीची झाडं कापून वनखात्याच्या आवारात पडून होती. लाकूड उत्तम, पण सगळं आखूड आणि बारीक. मोठे सोट आधीच कोणाकोणाच्या बंगल्यांना लागले होते.

मला ह्यात अडचण दिसली नाही, उलट आनंदच झाला. आखूड फळ्या उभ्या धरायच्या, एकीला एक चिकटवून खिळत जायचं, दोन सांधे शेजारीशेजारी येऊ द्यायचे नाहीत, की होता होता हवी तेवढी लांब आणि जाड तुळई तयार होते. एका फळीत गाठ असली तर शेजारची सांभाळून घेते. जमीन, भिंती, छप्पर, सगळं असंच बांधायचं. असं जाड लाकूड आगीतही वरून कोळसा होतं आणि आत बराच वेळ शाबूत राहतं. हे मी कॉलेजात शिकले होते, आणि पहिल्या कामाला शिकलेलं सगळं वापरून टाकायची हौस प्रत्येकाला असते.

बाबांना मी हे सुपारी, अडकित्ता आणि काड्यापेटीच्या काड्या घेऊन समजावलं. त्यांनी काड्या परत पेटीत भरल्या. "वाळयेक जेवण म्हणान पुस्तकां," ते म्हणाले, "आनी रवाक लाकडाचां घर. तुका त्या वाळयेन काम दिलां काय सरकारान?"

म्हणजे मी वाळवीची नोकर ठरले. मी तशी रागीट. ताट बाजूला सारून उठले. आई म्हणाली, "दोगांय एका मातीची," आणि माझ्या ताटातली मासळीची तुकडी बाबांच्या ताटात वाढून मोकळी झाली.

विद्यापीठाच्या बांधकाम समितीपुढे गेले तर तिथे बाबांचीच आवृत्ती बसली होती, फक्त संख्येने जास्त. ते राजभाषेच्या वादाचे दिवस. दोन माणसं भेटली की एक मराठीचा निघायचा आणि एक कोकणीचा. समितीतही दोन बाजू होत्या. एकाच किटलीतला चहा पीत, एकाच बोलीत, एकमेकांच्या भाषेचं भवितव्य ठरवत बसायच्या. एरवी बैठकीची वेळसुद्धा ह्यांच्यात एकमताने ठरत नसे. माझा नकाशा मांडला आणि पहिल्यांदाच दोन्ही बाजू एका सुरात बोलल्या: लाकूड नको.

त्यात ग्रंथपालांनी भर घातली. कोणीतरी विचारलं, मराठी पुस्तकं कुठल्या बाजूला आणि कोकणी कुठल्या? ग्रंथपाल शांतपणे म्हणाले, "कुठल्याच नाही. कोठारात पुस्तकं उंचीप्रमाणे लावतात. बुटकी बुटक्यांबरोबर, उंच उंचांबरोबर. जागा वाया जात नाही." मग जो गदारोळ झाला त्यात माझं लाकूड सगळे विसरले. पुढच्या बैठकीला एक सदस्य खिशातून पट्टी घेऊन आले आणि आपल्या भाषेतले कवितासंग्रह सरासरी किती उंच भरतात ते मोजायला बसले. समोरच्या बाजूने हरकत घेतली की कव्हर धरून मोजायचं नाही.

अध्यक्ष रसायनशास्त्राचे प्राध्यापक. त्यांना भाषेत रस नव्हता, प्रयोगात होता. ते मला म्हणाले, "हे बघा, काँक्रीटचा दुसरा नकाशा माझ्या खणात तयार आहे. तुमचं म्हणणं मला पटलेलं नाही आणि खोटंही वाटत नाही. तुम्ही आधी ती मधली मोठी तुळई बनवा. शिमग्याच्या आठवड्यात आम्ही येऊ, तिच्यावर वजन ठेवून बघू. टिकली तर तुमची इमारत. वाकली, किंवा आम्ही आलो तेव्हा जागेवर तयार नसली, तर काँक्रीट."

म्हणजे माझी सगळी इमारत त्या एका तुळईवर आली. छपराच्या मधोमध, सर्वांत वर जाणारी ती तुळई. आमच्याकडे तिला आढं म्हणतात.

मिस्त्री चंदगडकडचा होता आणि त्याची माणसं बेळगावच्या बाजूची. मिस्त्रीला माझी तऱ्हा आवडली नव्हती, पण तो मनाने मोकळा होता. "ताई, असलं काम म्या केलेलं न्हाई," तो म्हणाला, "पण बिघडलं तर नाव तुमचं जाणार, मग मला काय?" आणि कामाला लागला. खिळे बाबांच्या दुकानातून यायचे, दुसरीकडून आणायची सोयच नव्हती. बाबा रोज खिळे तोलून द्यायचे आणि रोज मिस्त्रीला सांगायचे, "माज्या चेडवाक सांग, अजून वेळ गेलो नाय." चेडू म्हणजे मुलगी, म्हणजे मी. मिस्त्री निरोप इमानेइतबारे मला आणून द्यायचा आणि माझं उत्तर तितक्याच इमानेइतबारे परत न्यायचा. ते मी इथे लिहीत नाही.

तुळई झाली. तीन खोल्यांएवढी लांब, गुळगुळीत, कडा ताशीव. दोन दगडी ओट्यांवर आडवी ठेवली तेव्हा मी तिच्याभोवती पुन्हा पुन्हा फिरले. मला ती फार सुंदर वाटली होती हे सांगायला आता काही लाज नाही. मिस्त्रीची माणसं होळीला आपापल्या गावी निघून गेली. समितीला यायला थोडेच दिवस होते. मीही पणजीला गेले, वजनासाठी रेतीची पोती ठरवायला.

आमच्या गावी होळी जाळत नाहीत, उभी करतात. आंब्याचा एक उंच सोट आणायचा, त्याला पाल्याने आणि गवताने नखशिखांत मढवायचा, आणि देवळापुढच्या मांडावर पुरायचा. मांड म्हणजे शिमग्याची जागा. तो सोट वर्षभर तिथेच उभा असतो. आणि तो आणायचाही रिवाज आहे: कोणाच्या तरी बागेतून न विचारता आणायचा. मालकाने शिव्या द्यायच्या, त्याही रिवाजाप्रमाणेच, पण एकदा मांडावर नारळ फुटला की लाकूड देवाचं. मग ते परत मागायचं नसतं, आणि कोणी मागितल्याचं आमच्या गावात ऐकिवात नव्हतं.

त्या वर्षी पंचाईत झाली. झाडं तोडायला परवानगी लागेल असा कायदा काही वर्षांपूर्वीच आला होता, पण आमच्या गावाला तो कळायला नवा वनरक्षक यावा लागला. त्याने होळीच्या आदल्या दिवशी देवळात येऊन सर्वांना बजावलं की उभ्या झाडाला कुऱ्हाड लावाल तर बघा. गावाने विचार केला. गाव तसा कायदा पाळणारा. उभं झाड तोडायचं नाही ना? मग आडवं झालेलं, तयार, सरळ, लांब लाकूड शोधायचं. तसं गावात एकच होतं.

धुळवडीच्या दिवशी मी बसमधून उतरले आणि जागेवर गेले तर दोन दगडी ओटे एकमेकांकडे बघत उभे. खाली थोडा गुलाल सांडला होता. गुलालाचा माग काढत ओहोळ ओलांडून गावात आले, तो देवळापुढे माझी तुळई पाला नेसून, गळ्यात झेंडूची माळ घालून, ताठ उभी. वर टोकाला नारळ बांधलेला. भोवती ढोल चालू.

मी मांडाच्या कडेला जाऊन थांबले. शिमग्यात आमच्या मांडावर बायकांनी पाय ठेवायचा नाही. मी पणजीत आणि मुंबईत काय वाट्टेल ते केलं असेल, पण त्या रेषेपाशी माझे पाय आपोआप थांबले आणि ह्याचा मला अजून राग येतो. तिथूनच ओरडले, "ती माजी तुळई!"

एक पुढारी गुलालाने माखलेल्या चेहऱ्याने जवळ आला आणि अतिशय प्रेमाने म्हणाला, "तुजी होती गो बाय. आता ती देवाची. सरकारचो कायदो आमी मोडूंक नाय, पळय."

"पण नारळ कोणी फोडला?"

तो थोडा घुटमळला. "मानकऱ्यान."

मानकरी म्हणजे माझे बाबा. गावाच्या वतीने देवापुढे गाऱ्हाणं घालायचा आणि होळीवर नारळ फोडायचा मान आमच्या घराचा.

घरी जाऊन मी काय काय बोलले ते आईने नंतर शेजारणींना सांगितलं, मला आठवत नाही. बाबा दुकानातून जेवायला आले होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "माका ठावक नासलां. पाल्यात गुंडाळून हाडल्यानी. नारळ फोडलो, कुंकू लावक आंगठो टेकयलो, तर आंगठ्याक खिळ्याचां माथां लागलां." त्यांनी अंगठा वर करून दाखवला, जणू त्यावर अजून खूण होती. "माज्याच दुकानातलो खिळो. वळखलो."

"मग तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"नारळ फुटल्लो."

"माझी इमारत जाईल बाबा. ते लोक येतील, तुळई नसेल, काँक्रीट घालतील."

"काँक्रीट घट्ट आसता," बाबा म्हणाले. आणि त्याबद्दल मला त्यांना कितीतरी वर्षं क्षमा करता आली नसती, जर पुढचं घडलं नसतं.

दोन दिवस आम्ही बोललो नाही. खरं म्हणजे त्यांचीही कोंडी झाली होती. दुसऱ्या कोणाचं लाकूड असतं तर मानकरी म्हणून त्यांनी देवापुढे काही तोड काढली असती. पण स्वतःच्या मुलीसाठी देवाचं लाकूड परत मागायचं, तर गाव म्हणणार, मान ह्यांच्या घरात आहे म्हणून देवसुद्धा ह्यांच्या खिशात. आईने हे मला भांडी घासता घासता सांगितलं. मी म्हटलं, मग माझ्या इमारतीचं काय? आई म्हणाली, "तां तुजां तू पळय. माका दोगांचां रांदूक आसा."

मग होळीवर चढायचा दिवस आला. वर बांधलेला नारळ काढायचा खेळ. तरणे पुरुष एकमेकांच्या खांद्यावर चढतात, खालचे त्यांना पाय धरून ओढतात, कोणी कमरेला लोंबकळतं, कोणी दोरी टाकून सोट हलवायला बघतं. दर वर्षी आंब्याचा सोट ह्या प्रकारात डुलायचा आणि करकरायचा, आणि बायका कडेला उभ्या राहून किंचाळायच्या. मीही शेजारच्या कुंपणावर बसून बघत होते. दात ओठ खात होते म्हटलं तरी चालेल. माझ्या तुळईवर इतकी माणसं लोंबकळली होती की पाला दिसेनासा झाला. दोरी टाकून एका बाजूला आठ-दहा जण ओढत होते.

तुळई हललीसुद्धा नाही. करकर नाही, काही नाही. ओढणारेच दोरीसकट मागे पडले.

बाबा मांडाच्या कडेला मानकऱ्याच्या कदेलावर बसले होते. ते उठले. गर्दीतून वाट काढत तुळईच्या बुंध्याशी गेले, पाला बाजूला करून त्यांनी तिच्यावर तळहात ठेवला आणि मान तिरकी करून कान लावला. वर दोन मजले माणसं, खाली हे. तसेच उभे राहिले. लोकांना वाटलं मानकरी देवाचं काही ऐकतायत, म्हणून ढोलवाले थांबले. बाबांनी हात काढला, कदेलावर येऊन बसले आणि पुन्हा ढोल सुरू झाले.

रात्री जेवताना त्यांनी बोलायला सुरुवात केली. "एका फळयेक किती खिळे मारल्यास?"

माझ्या कामाविषयी त्यांनी मनापासून विचारलेला तो पहिला प्रश्न. मी इतकी चकित झाले की रुसवा विसरले. "तुमच्याकडून नेले तेवढे सगळे," मी म्हटलं.

"आनी सांधे? माका एकय गावलो नाय."

"गावता कामा नये. तसेच बनवलेत."

बाबांनी भात कालवला. "हं," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मांडावर गाऱ्हाणं होतं. त्याच दिवशी दुपारी समिती यायची होती आणि पुढे काय होणार ते मला माहीत होतं. तरी मी बायकांच्या घोळक्यात जाऊन उभी राहिले. बाबा होळीपुढे नारळ घेऊन उभे होते. गाऱ्हाण्यात मानकरी एकेक वाक्य बोलतो आणि सगळा गाव प्रत्येक वाक्याला "व्हय म्हाराजा" म्हणतो. वाक्य काय आहे इकडे फारसं कोणाचं लक्ष नसतं.

"बा देवा म्हाराजा, बारा वहिवाटीच्या राखणदारा!"

"व्हय म्हाराजा!"

"ही जी होळी तुज्या मांडार उबी आसा, ती तुज्या लेकरांनी कायदो मोडूंक नाय म्हणान हाडली. तेंची चूक नाय!"

"व्हय म्हाराजा!" हे जरा जोरात आलं.

"पण तां झाड न्हय. तां माज्या चेडवान केल्लां काम!"

"व्हय म्हाराजा!"

"तेका मी खेळ म्हटलां. घरात म्हटलां, दुकानात म्हटलां, येतल्या गिऱ्हायकाक सांगलां!"

"व्हय म्हाराजा!" गिऱ्हाइकं समोरच उभी होती, त्यांनी साक्ष दिली.

"जल्मभर खिळे विकलंय, पण माका खिळ्यांतलां कांय कळना!"

"व्हय म्हाराजा!" एवढ्या मोठ्याने गाव कधी ओरडला नसेल. देवळाच्या कौलांवरची कबुतरं उडाली.

बाबांनी नारळ दुसऱ्या हातात घेतला. "काल सगळो गाव तेच्यार लोंबकळलो आनी तां करकरूंक सुद्दां नाय. इतक्या बऱ्या हाताचां काम माज्या घरात जालां आनी माका दिसलां नाय, म्हाराजा."

ह्यावेळी होकार हळू आला. लोक ऐकायला लागले होते. माझ्या डोळ्यांना धारा लागल्या होत्या आणि शेजारची काकी मला कोपराने ढोसत होती, "गो, तुजो बापूस कितां बोलता तां आयकतंस मां?" जणू मी बहिरी आहे.

"तर म्हाराजा, तिची तुळई तिका परत दी. पुस्तकांच्या घराक जाय ती. आनी तेच्या बदलाक माज्या दुकानाचां आडां घे. माज्या बापाशीन घातल्लां. अख्ख्या किंदळीचां. एकय खिळो नाय."

ह्या वाक्याला "व्हय म्हाराजा" आलंच नाही. सगळे तोंड उघडं ठेवून उभे. मानकरी आपल्या चालत्या दुकानाचं छप्पर उतरवून देवाला देणार, ह्याला हो म्हणायचं की नाही ते कोणाला कळेना. बाबांनी मागे वळून पाहिलं. "कितां रे, घसो बसलो?" मग एकाने सुरुवात केली आणि गावाने होकार दिला.

दुपारपर्यंत दुकानाची कौलं उतरली. वनरक्षकाने स्वतः येऊन खात्री करून घेतली की आढं हे उभं झाड नाही. ते काळंभोर आढं पाला नेसवून मांडावर उभं केलं आणि मगच तुळई उपटली. तिच्यापेक्षा ते बरंच आखूड, त्यामुळे त्या वर्षी आमची होळी बुटकी होती. शेजारच्या गावाने त्यावरून वर्षभर चिडवलं.

तुळई पोचवायला सगळा गाव ढोल वाजवत निघाला. नेताना गुपचूप नेली होती, त्याची भरपाई. जवळची वाट ओहोळातून. तिथला साकव, म्हणजे छोटा पायपूल, मोडलेला होता, म्हणून माणसांनी तुळईची दोन टोकं दोन काठांवर टेकवली आणि खांदे चोळत बसली. तोवर ढोलवाल्यांना वाटलं, चिखलात कशाला उतरा? ते वाजवत वाजवत तुळईवरून पलीकडे निघाले. त्यांच्या मागे ताशेवाले, मग निशाणवाले, मग सगळेच.

पलीकडच्या काठावर समिती उभी होती. त्यांची जीप लांबच्या रस्त्याने जागेवर पोचली होती, तिथे रिकामे दगडी ओटे बघून अध्यक्ष वैतागले होते, आणि ढोल ऐकून सगळे ओहोळापर्यंत आले होते. ग्रंथपालांच्या अंगावर पांढरा सदरा होता आणि चेहरा त्याच रंगाचा.

"ही तुळई का?" अध्यक्षांनी ओरडून विचारलं.

मी अलीकडून ओरडले, "हीच!"

"पुरून ठेवलेली दिसते, एका टोकाला माती आहे!"

"सांगते नंतर!"

अध्यक्ष ओणवे होऊन खालून बघायला लागले. वरून अर्धा गाव नाचत होता. त्यांनी डोळा बारीक केला, चष्मा पुसला, पुन्हा बघितलं. मग चपला काढून स्वतः तुळईवर चढले, बरोबर मध्यावर आले आणि दोन उड्या मारल्या. गावाला वाटलं सायबाला शिमगा चढला. लोकांनी ढोलाचा ठेका धरला आणि अध्यक्षांना खाली उतरायला वाट देईनात.

शेवटी मीही चालत मध्यावर गेले. "सर, रेतीची पोती ठरवलेली आहेत. वजनाची चाचणी कधी घ्यायची?"

अध्यक्षांनी घाम पुसला. "मी आणखी काय करतोय असं तुम्हाला वाटतंय?" ते म्हणाले. "तो दुसरा नकाशा मी खणातून काढून टाकतो. मला आता खाली उतरवा."

ग्रंथपालांनी काठावरून काहीतरी विचारलं. ढोलांमुळे मला ऐकू आलं नाही, पण ते डोळे पुसत होते, आणि तुळईचं शेवटी काय ठरलं ते कळल्याशिवाय त्यांना चैन पडणार नव्हतं, म्हणून मी मान हलवून हो म्हटलं.

संध्याकाळी मी तिठ्यावर गेले. दुकानाच्या चार भिंती उभ्या, वर उघडं आभाळ. बाबा चुन्याच्या पोत्यांच्या मधे कदेल टाकून, छत्री उघडून बसले होते. एक गिऱ्हाईक नुकतंच कडी-कोयंडा घेऊन गेलं होतं.

"तो अध्यक्ष उडयो मारी होतो म्हणतत. खरां?" त्यांनी विचारलं.

"खरं."

"मधेंच?"

"बरोबर मधे."

बाबांनी मान हलवली. मग छत्री थोडी बाजूला करून वर बघितलं. "आता हेच्यार कितां घालूचां?"

मला राहवलं नाही. "काँक्रीट घालूया," मी म्हटलं. "घट्ट आसता."

त्यांनी पुडीच्या कागदांतला एक कागद घेतला, गुडघ्यावर ठेवून त्याची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली.

"फळयो घाल," बाबा म्हणाले. आणि थोड्या वेळाने, "पण खिळे मी निवडून दितलंय."

त्यांनी छत्री माझ्या हातात दिली, खिळ्यांचा डबा पुढ्यात ओढला आणि एकेक खिळा उजेडात धरून वाकडे बाजूला काढायला बसले. मी छत्री धरून उभी राहिले.